चार टक्के बॅटरी

जबाब देणार: वय ३४ वर्षे, धंदा नोकरी (कापड रंगवण्याच्या कारखान्यात कम्प्युटर देखभाल), राहणार कामगार वसाहत, खोली क्रमांक ७. कारखान्यात 'मास्तर' या नावाने ओळख.

मी ठाण्यात आपणहून हजर राहून जबाब देतो की, बॉयलर फुटून जखमी झालेले सुपरवायझर हे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान आहेत. ही गोष्ट मी आधीच सांगत आहे.

सोमवारी सकाळी १०.४० वाजता भाऊजींचा मला फोन आला. ते म्हणाले, "वरचा व्हॉल्व्ह अडकतोय. मॅनेजरांना दोनदा सांगितलं, ते म्हणतात पाळी संपू दे. आता लेखीच देतो." मी म्हणालो, "लिहाल ते सेव्ह करा." ते म्हणाले, "करतो रे बाबा." भाऊजींना सेव्ह करायची सवय नाही. काम अर्धे टाकून लॅपटॉप नुसता झाकून उठतात.

११.१० वाजता बॉयलर फुटला. कारखान्याची वीज गेली. भाऊजींना दवाखान्यात नेले. बहिणीला मी कळवले.

१२.२५ वाजता मॅनेजरांनी मला बॉयलरच्या ऑफिसात बोलावले. टेबलावर काचांचा चुरा होता. भाऊजींचा लॅपटॉप झाकलेला होता, त्याचा दिवा मिणमिणत होता. ते म्हणाले, "हे पूर्ण बंद कर आणि पुसून कोरं कर. चूक तुझ्या भाऊजींचीच आहे, उगाच वाढवू नकोस."

तपासी अंमलदारांनी विचारल्यावरून खुलासा करतो की, दिवा मिणमिणतो तेव्हा लॅपटॉप बंद नसतो, झोपलेला असतो. उघडी कामे मेमरीत असतात आणि ती टिकायला थोडी वीज लागत राहते. बॅटरी संपली की सेव्ह न केलेले सगळे गेले. हायबरनेट केले तर तीच कामे जशीच्या तशी डिस्कवर उतरतात, मग वीज नसली तरी चालते.

मी झाकण उघडले. पासवर्ड मागणारी स्क्रीन आली. पासवर्ड मला माहीत नव्हता, त्यामुळे आत काय आहे ते दिसले नाही व सेव्हही करता आले नाही. बॅटरी चार टक्के होती. बंद करण्याचा मेनू मात्र पासवर्डशिवाय उघडतो. त्यात हायबरनेट होते. मॅनेजर माझ्या खांद्यामागे उभे होते. मी ते दाबले. स्क्रीन काळी झाली.

"बंद झालं?" त्यांनी विचारले.

"झालं," मी म्हणालो. त्या वेळी डिस्कचा दिवा अजून लुकलुकत होता, म्हणजे कामे डिस्कवर उतरणे चालू होते. मी त्याच्या आड हात धरला. बॅटरी जुनी आहे, चार टक्क्यांवरून एकदम जाते. मॅनेजरांनी पॉवरच्या बटणाकडे हात नेला; ते दाबून धरले असते तर उतरणे अर्ध्यात तुटले असते. "थांबा, तापलंय," असे मी म्हणालो. ते खोटे होते. दिवा विझायला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही.

माझ्या टेबलावर नेऊन पुसतो, असे सांगून मी लॅपटॉप घेऊन निघालो आणि १.०५ वाजता ठाण्यात जमा केला.

आज बुधवारी सकाळी भाऊजी काही मिनिटे शुद्धीवर आले. त्यांनी पासवर्ड बहिणीच्या कानात सांगितला. तो जबाबात लिहू नये, अशी तिची विनंती आहे. त्यानंतर भाऊजी बोललेले नाहीत.

दुपारी ३.१५ वाजता दोन पंचांसमोर चार्जर लावून लॅपटॉप चालू केला. पान होते तसे उघडले. मॅनेजरांच्या नावे अर्ज आहे. सेव्ह केलेला नाही. तोंडी सांगितल्याच्या दोन्ही वेळा त्यात आहेत, ८.१५ आणि ९.५०. शेवटची ओळ अशी: "काटा लाल पट्ट्यात गेला आहे, खाली चार माणसे आहेत, त्यांना बाहेर काढायला मी"

ती चारही माणसे सुखरूप आहेत.

हा मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. भाऊजींची ओळ अर्धीच ठेवावी, एवढे सांगून सही करतो.