बाबांसाठीचा व्हिडिओ

हॅलो?… हो गं चिमे, लावला पेनड्राइव्ह टीव्हीला… आई दिसतेय, पण आवाजच येत नाहीये… अगं केला ना आवाज मोठा! बातम्या लावल्या तर शेजारीण धावत आली…

हळू बोल, बाबा इथेच बसलेत. खुर्ची पार टीव्हीला चिकटवून. सकाळीच माझ्याकडून दाढी करून घेतली… डोळ्यांचं काय विचारतेस? ऑपरेशन झालं तरी अंधार तो अंधारच. त्यांना आईचा आवाज हवाय गं, चित्र घेऊन काय करायचंय!

बरं, मूळ व्हिडिओ पाठव… नाही म्हणजे?… रडू नकोस, नीट सांग. मोबाइलवरचा टीव्हीला चालत नव्हता, म्हणून ऑफिसच्या कम्प्युटरवर कन्व्हर्ट केलास. मग?… 'झाल्यावर मूळ फाइल पुसा'… तिथे आधीच टिक होती? आणि तू वाचलंसुद्धा नाहीस?… मोबाइलवर असेल ना पण!… जुना देऊन नवा घेतलास. सगळं साफ करून. धन्य आहेस बाई!

अगं, मोबाइल देण्याआधी नवा व्हिडिओ एकदा लावून तरी बघायचा… बघितलास? मग आवाज नाही हे कळलं कसं नाही?… काय?… तूच बंद ठेवला होतास…

…हं… ती गेल्यावर तिचा आवाज सहन झाला नसता… कळतंय गं. मलाही झाला नसता.

ऐक, ऐक ना. काय म्हणाली होती ती? आठवेल तेवढं सांग… तुला खोलीबाहेर काढलं? 'हे फक्त यांच्यासाठी आहे' म्हणाली?… आणि मी तेव्हा बाबांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात. म्हणजे कुणीच ऐकलं नाही. कुणीच नाही, चिमे…

थांब… काय बाबा?… हो… नाही हो बाबा, बिघडला नाहीये टीव्ही. आवाजच गेलाय व्हिडिओतला. परत नाही यायचा…

चिमे, आहेस ना?… बाबांनी नुसता हात ठेवलाय टीव्हीवर… काय बाबा?… पहिल्यापासून?… अगं, पुन्हा लाव म्हणतायत. तिचे ओठ बघ आणि सांग म्हणतायत. मला कसं जमणार गं हे?…

लावते, बाबा, लावते… पलंगावर बसलीये. निळा गाऊन. केस विंचरलेत… हो, चष्मा आहे… आता ओठ हलले… 'अहो' म्हणाली, बाबा. तेवढं कळलं. 'अहो'… पुढचं नाही कळत मला…

चिमे, ठेव तू. पुन्हा लाव म्हणतायत.