खिडकीला बांधलेली शेळी

मुरबाडच्या एसटी स्टँडवर पोश्या पाठ करून बसला होता. मागच्या बाकावर त्याच्याच गावचे घरत गुरुजी होते, आणि ते ‘तुझ्या लेकराला, गुणाला शाळेत धाड’ म्हणून कधीचे त्याच्या मागे लागले होते. शेजारचे परगावचे गुरुजी मात्र रंगात आले होते.

“सोनीचा बाप म्हणाला, ही शाळेत आली तर शेळी कोण राखील? मी म्हटलं, शेळीसकट पाठव.”

“वर्गात?”

“खिडकीला बांधतो.”

“आणि साहेब तपासणीला आले तर?”

“आले की परवा! शेळीनं त्यांचा हारच खाल्ला.”

“मेलात!”

“तेवढ्यात सोनीनं धडा घडाघडा वाचला. साहेब हसले. म्हणाले, शेळीला घरी पाठवू नका.”

पोश्या हळूच वळला.

“गुरुजी, आपल्या शाळेला खिडक्या दोन हायेत ना? गुणाच्या शेळ्या पन दोन हायेत.”