अश्विनच्या शेजारची खुर्ची

आजच्या निरोप आणि सत्कार समारंभाचे अध्यक्ष, आमच्या नवप्रभात क्रीडा मंडळाचा आधार असलेले आदरणीय बापूरावजी. ज्यांच्या शिट्टीला सगळ्या जिल्ह्यातली मैदानं घाबरत, असे प्रमुख पाहुणे मधुकररावजी. मंचावरचे सर्व मान्यवर. मंडळाचा सचिव पियुष, ज्याने मला पाच मिनिटं दिली आहेत आणि ती पुरणार नाहीत हे ज्याला आत्ताच कळून चुकलं आहे. पहिल्या रांगेत बसलेली माझी आई तानाबाई. नाचणगाव, पुलगाव आणि पार वर्ध्याहून आलेले फुटबॉलप्रेमी बंधू-भगिनी. आणि ज्याच्यासाठी हा मंडप सजला, तो माझा धाकटा भाऊ अश्विन. सर्वांना सप्रेम जय भीम आणि नमस्कार.

मी जागृती. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या आधी सगळे वक्ते म्हणून गेले की अश्विनचा त्यांना अभिमान वाटतो. अभिमानाचं काम तर उरकलं. राहिलेलं काम मी करते. मंडळी, मला या माणसाचा भयंकर हेवा वाटतो. आज नाही, लहानपणापासून वाटतो, आणि वयाबरोबर तो कमी होईल म्हणावं तर वाढतच चालला आहे.

हसू नका. कारणं ऐका आणि मग हसा.

मधुकररावजी आत्ता म्हणाले की अश्विनचा डावा पाय ही निसर्गाची देणगी. साहेब, निसर्गाचा काही संबंध नाही. आमचे बाबा, नत्थू थूल, कापसाच्या जिनिंगवर हमाली करायचे. त्यांनी एकदा पुलगावच्या बाजारातून कॅनव्हासचे बूट आणले. एकच जोड. आम्हा भावंडांत अंतर थोडं, पाय जवळजवळ सारखे, आणि दोघांनाही फुटबॉलचं वेड. मग काय, वाटणी झाली. मी मोठी, म्हणून उजवा बूट माझा. त्याच्या वाट्याला डावा. दुसरा पाय दोघांचाही अनवाणी. आता अनवाणी पायानं चेंडूला कोण मारणार? मी उजव्यानं मारत गेले, तो डाव्यानं. पेपरवाले ज्या पायाला सोन्याचा म्हणतात तो माझ्या आडमुठेपणातून घडला आहे. मी त्या दिवशी डावा बूट उचलला असता, तर आज हे भाषण त्याला करावं लागलं असतं.

पण तसं व्हायचं नव्हतं. मी नववीत गेले आणि बाबा म्हणाले, "पोरगी मोठी झाली, आता मैदान पुरे." माझा उजवा बूटही अश्विनकडे गेला. आई सकाळी अंडी उकडायची, तीही त्याच्याकडे गेली. तो पुलगावहून नागपूरला गेला, नागपूरहून गोव्याला, आणि तिथून देशातल्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये. मी मात्र शाळेच्या पटांगणावर पोरींना कवायत शिकवत राहिले. टीव्हीवर त्याचा गोल झाला की गल्ली नाचायची. मीही नाचायची. नाचता नाचता मनात यायचं, हा कोन मी जास्त चांगला साधला असता. खोटं कशाला बोलू?

आता मुद्द्यावर येते. पियुष घड्याळाकडे पाहून राह्यला.

जानेवारीत अश्विनने एका मुलाखतीत सांगितलं की तो समलिंगी आहे आणि त्याला जोडीदार आहे. आज दुपारपासून इथे सहा-सात भाषणं झाली, सगळ्यांनी त्याच्या शाळेपासून शिलाँगपर्यंतचं सांगितलं, पण जानेवारी महिना कोणाच्याच भाषणात आला नाही. डिसेंबरनंतर थेट मार्च. म्हणून मी म्हटलं, मीच बोलते. माझा भाऊ समलिंगी आहे. बघा, माईक चालू आहे. पंखेही फिरून राहिलेत.

त्या मुलाखतीचाही मला हेवा वाटला. मला ती शाळेत, दुसऱ्या बाईंच्या मोबाइलवर दिसली. मला, मोठ्या बहिणीला, आधी सांगितलं नाही! संध्याकाळी आईला सांगावं म्हणून धावत घरी गेले, तर आईला आठ दिवस आधीच माहीत. त्यानं फोनवर सगळं सांगितलं, आणि आई काय म्हणाली ठाऊक आहे? "मले माहीत होतं. तू जेवला का?" संपलं. मंडळी, मी अमरावतीला बी.पी.एड. करायला जाते म्हटलं होतं, तेव्हा याच बाईनं आठवडाभर डोळ्याला पदर लावला होता. माझा नुसता तिळपापड झाला. मी म्हटलं, "आई, याले काईच बोलली नाई?" तर म्हणते, "तू मले रडवाले बसली होती, तो सोता रडून राह्यलता. फरक हाये."

तरीही मी त्याला फोन करून झापलंच. "काऊन सांगितलं रे? खेळून झाल्यावर सांगायचं. अजून पाच-सहा वर्षं आहेत तुझ्या पायात." हेच आज मधुकररावजी चहा घेताना म्हणत होते. आधी निवृत्त व्हावं, मग काय ते सांगावं. आणि बापूरावजींनी तर भाषणातच सुचवलं, नाव न घेता, की खेळाडूनं पायानं बोलावं, घरातलं घरात ठेवावं. त्यांच्या बोलण्यात काळजी आहे, हे मला समजतं. ती काळजी खोटी नव्हती. मुलाखतीनंतरच्या पहिल्याच सामन्यात प्रेक्षकांतून काय काय ओरडलं गेलं, ते या माईकवरून सांगण्यासारखं नाही. ज्यांच्याबरोबर चार वर्षं एका ताटात जेवला, त्यातल्या दोघांनी कपडे बदलायची खोली बदलून मागितली. हंगाम संपला आणि क्लबनं करार वाढवला नाही. कारण दिलं, संघाची गरज बदलली. म्हणून तर तो शिलाँगला निघाला आहे, एका लहान क्लबकडे. मग मी म्हणत होते ते खरंच होतं की नाही?

होतं. पण त्यानं मला जे उत्तर दिलं, तेही ऐका.

बापूरावजी, तुम्ही आज अश्विनच्या नम्रतेचं कौतुक केलंत. म्हणालात, एवढा मोठा खेळाडू, पण गोल मारला की मान खाली घालून चालू लागतो. बाकीचे शर्ट काढतात, प्रेक्षकांकडे पळत जातात, बायकोकडे बोट दाखवतात, लेकरासाठी हातानं हवेत पाळणा हलवून दाखवतात. आमचा अश्विन तसला नाही. टाळ्या पडल्या. मीही इतकी वर्षं हेच समजत होते. वर आणि छाती फुगवून सांगायची, की हे वळण मी लावलं.

ती नम्रता नव्हती, बापूरावजी. भीती होती. त्याचा माणूस वर गॅलरीत बसलेला असायचा. गोल झाला की डोळे आपसूक तिकडे जाणार, आणि एकदा गेले की कॅमेराही जाणार, म्हणून तो मान खाली घालायचा. फोनवर मला एवढंच म्हणाला, "ताई, गोल मारल्यावर मले एकदा वर पाहाचं होतं."

निवृत्त झाल्यावर सांग म्हणायचं, म्हणजे पुढचे सगळे गोल खाली मान घालून मार म्हणायचं. मैदान सुटल्याचं दुःख मला माहीत आहे. पण मी खेळले तेवढे दिवस गोल झाला की घसा फुटेस्तोवर ओरडले. अख्ख्या हेव्यात ही एकच गोष्ट माझ्याकडे होती आणि त्याच्याकडे नव्हती. मला वाटलं होतं, ती सापडली की फार बरं वाटेल. नाही वाटलं.

आता या घरातल्या गोष्टी घरात ठेवण्याबद्दल. आमच्या मंडळाचा जुना रिवाज तुम्हाला ठाऊक आहे. सत्कार करायचा तो सपत्नीक. मंचावर दोन खुर्च्या, शाल एकाला, साडी दुसरीला. मागच्या वर्षी बापूरावजींचा सत्कार झाला तेव्हा शोभाबाई शेजारी बसल्या होत्या, आणि काय शोभून दिसत होत्या! शोभाबाईंनी जन्मात चेंडूला पाय लावलेला नाही, पण तेव्हा आपण सगळे म्हणालो, अर्धं श्रेय त्यांचं. बरोबरच म्हणालो. रात्री-अपरात्री आलेल्या टीमला पोळ्या कोणी वाढल्या? मग सांगा, घरातलं मंचावर आणण्याचा रिवाज कोणाचा? अश्विनचा की आपला?

आजच्या निमंत्रण पत्रिकेवरही छापलं आहे, सपत्नीक सत्कार. मुद्दाम नाही हो, मागच्या वर्षीचीच पत्रिका नाव बदलून छापायला दिली. मंडपवाल्यानं सवयीनं दोन खुर्च्या मांडल्या. शोभाबाईंनी सवयीनं साडी आणली. आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या जरा आधी सगळ्यांच्या लक्षात आलं. धावपळ झाली. पियुष माझ्याकडे घाम पुसत आला, "ताई, तुम्हीच बसा ना अश्विनभाऊच्या बाजूले. खाली खुर्ची फोटोत बरी नाई दिसत."

मी लगेच बसले. का, ते सांगते. फुटबॉलच्या कार्यक्रमात मंचावर बसायचं, हे मी ज्या दिवशी उजवा बूट सोडला त्या दिवसापासून मनात धरून होते. इतकी वर्षं मी समोरच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवल्या. आज वर बसले, हार आला, साडी आली. साडी छानच आहे, शोभाबाई, जांभळा रंग मला आवडतो आणि ती काही मी परत करणार नाही. पण बसल्या बसल्या माझं लक्ष मागच्या रांगेकडे गेलं. तिथे कूलरच्या आडोशाला मुकेश बसला आहे.

मुकेश कोण, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्या नालवाडीचा मुलगा. सावंगीला फिजिओथेरपी शिकला. अश्विनचा गुडघा गेला होता, डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, पण पुढचे आठ महिने रोज तो पाय वाकवून, सरळ करून, शिव्या खाऊन ज्यानं त्याला पुन्हा मैदानावर उभं केलं तो हा मुकेश. आणि गॅलरीत बसायचा तोही हाच. त्याला आज पियुषनं गोड बोलून मागे बसवलं.

मुकेशचाही मला हेवा वाटतो, लपवत नाही. माझ्या भावाला मीठ कमी खा म्हणायचा हक्क माझा होता, तो यानं घेतला. आई बेसनाच्या पाटोडीचा रस्सा करते तेव्हा पहिली वाटी आता याच्यापुढे जाते. आमच्या घरात जागा करायला त्याला दोन दिवस लागले. मला वाटतं, आईच्या स्वयंपाकघरापेक्षा हा मंडप पुष्कळ मोठा आहे.

काल जेवताना अश्विन मला म्हणाला, "ताई, आता तूच येत जाजो शिलाँगले. माझं इकडं येणं काही होणार नाई." आईनं ऐकलं. तिनं भाकरी त्याच्या ताटात ठेवली. घरी तर मुकेशसकट त्याची जागा आहे. पण गाव म्हणजे नुसतं घर नव्हे. आपल्याच गावात, आपल्याच मंडळात जर मान खाली घालून बसायचं असेल, तर कोण कशाला येईल? मला त्याचा हेवा करायला तो इथे यायला हवा आहे, मंडळी. दर दिवाळीला यायला हवा आहे. दीड-दोन हजार किलोमीटरवरून हेवा करायला मजा येत नाही.

म्हणून मी भाषणाला उठले ती परत त्या खुर्चीवर बसणार नाही. खुर्ची चांगली होती. फार वर्षांनी मिळाली आणि दोन-तीन तासांत सोडते आहे, याचं मला वाईट वाटतं, तेही सांगून ठेवते. पण ती माझी नव्हती. मला माझी हवी असेल तर मंडळानं मुलींचा संघ काढावा, मी शिकवायला तयार आहे. तेव्हा मला वेगळी द्या. ही ज्याची आहे त्याला द्या.

बापूरावजी, तुमची परवानगी मी विचारत नाही, असं नाही. विचारते आहे. तुम्ही मान हलवलीत की काय, ते डोळ्यांत पाणी असल्यामुळे मला नीट दिसलं नाही, तेव्हा मी हो समजते. शोभाबाई तर टाळ्या वाजवायला लागल्याच.

मुकेश, ऊठ. कूलरच्या मागून बाहेर ये. मधून नको, मधे वायर आहे, बाजूनं येजो.

तो येईपर्यंत माझं काम उरकते. मंडळानं हा कार्यक्रम ठेवला, मंडपवाल्यानं सवयीनं का होईना पण दोन खुर्च्या मांडल्या, तुम्ही सगळ्यांनी उन्हाचं येऊन ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभार. पाच मिनिटांची वीस झाली, कोणाचं नाव सुटलं, कोणाचा मान राहिला, एखादा शब्द जास्त झाला, तर लेक म्हणून पोटात घाला. हेव्याबद्दल मात्र माफी मागत नाही, तो माझ्याजवळच राहू द्या.

आणि अश्विन, तू अजून जमिनीकडेच पाहून राह्यला. मान वर कर. वर पाह्य बाबू, तो येऊन राह्यला.