मोटारीच्या पडद्याआडून लिहिलेला सामना

नातवंडांनो, हात आता थरथरतो, अक्षर मुंग्यांसारखं कागदावर पळतं, म्हणून मी सांगते आहे आणि शेजारच्या वसुधाताई लिहून घेत आहेत, आणि मी त्यांना आधीच बजावलंय की माझं वाक्य लांबलं तरी मध्ये तोडू नका, मला एका दमात सांगायची सवय आहे.

आमचं मूळ राजूरचं. माझे आजोबा तिथे भिक्षुकी करायचे, डोंगरातल्या वाड्यांवर सत्यनारायण सांगत अनवाणी फिरायचे. त्यांचा मुलगा म्हणजे माझे वडील, नाना, ते नगरला येऊन वकील झाले आणि त्यांनी मोटार घेतली, तेव्हा आजोबांनी मोटारीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पण आत बसा म्हटलं तर बसले नाहीत, म्हणाले नको रे बाबा, एवढी वर्षं ज्यांनी फिरवलं त्या पायांना काय वाटेल.

मी तीन वर्षांची असताना आई गेली. घरात नाना, त्यांची विधवा बहीण म्हणजे आमची आत्या, आणि मी, एवढेच. नाना दिवसभर कोर्टात बोलायचे आणि घरी येईपर्यंत त्यांच्याकडचे शब्द संपलेले असायचे. वाईट नव्हते हो, कधी आवाज चढवला नाही, मला मिशनच्या शाळेत घातलं, इंग्रजी शिकवलं, पण जेवताना वाटीचा आवाज तेवढा यायचा. मग एकदा त्यांना कळलं की मी वर्तमानपत्रातले क्रिकेटचे स्कोअर कापून वहीत चिकटवते, आणि काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी ते माझ्याशी अर्धा तास बोलले.

नानांना जगात दोनच गोष्टींचं वेड, मोटार आणि क्रिकेट, आणि मी ती दोन्ही वेडं घेतली, आधी त्यांच्यासाठी घेतली आणि मग ती माझीच झाली. मोटारीतल्या चामड्याचा वास मला अजून येतो. थंडीत ती पटकन सुरू व्हायची नाही, मग आमचा ड्रायव्हर सखाराम पुढून हँडल मारायचा. तो जामखेडकडचा, बोलणं तिखट, मोटारीला म्हणायचा, चल गं माय, नाटकं करू नगंस, वकिलाची हायेस तू, तारखा देऊ नगंस. युद्ध चालू होतं, पेट्रोल कूपनावर मिळायचं, प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर धुरकटत चालायच्या. नाना कोर्टात टांग्याने जायचे आणि पेट्रोल रविवारच्या मॅचसाठी राखून ठेवायचे. एकदा जामखेड रस्त्यावर तसली एक कोळशाची मोटार आम्हाला वाटच देईना, तेव्हा सखारामने अशी काही गाडी काढली की मी ओरडले, अजून जोरात! आणि नाना हसले. तुम्ही तिकडे त्या गोल गोल पळणाऱ्या मोटारींच्या शर्यती बघता ना, मीही इथे टीव्हीवर बघते, नावं कळत नाहीत, पण एकीने दुसरीला मागे टाकलं की मला नानांचं ते हसू दिसतं.

आता मॅचचं सांगते. दर रविवारी क्लबाची कुठली तरी मॅच असायचीच, पण आमच्या गावाचा क्लब आणि कॅम्पातले गोरे सोल्जर, यांच्यात दरवर्षी कपासाठी सामना व्हायचा, भिंगारच्या बाजूच्या मैदानावर. मुलीने तिथे पुरुषांत बसायचं म्हणजे गावाला विषय. आत्या म्हणाली, नेतोसच तर ने बाबा, पण पडदा लावून मोटारीत बसू दे, आणि काय गं, उद्या सासूने विचारलं स्वयंपाक काय येतो तर चेंडू मोजता येतात म्हणून सांगणार का? तर मी मागच्या सीटवर, पडद्याला चार बोटं फट ठेवून, मांडीवर स्कोअरची वही घेऊन बसायची. नाना आमच्या क्लबाकडून अंपायर म्हणून उभे राहायचे. त्यांनी मला एकच नियम शिकवला होता, अंपायरचा हात बघायचा, चेंडू बघायचा नाही, हाताने जे सांगितलं ते लिहायचं. संध्याकाळी घरी आल्यावर नाना क्लबाची वही आणि माझी वही शेजारी ठेवून एकेक चेंडू ताडून बघायचे, जुळलं की पानाच्या खाली तपासले असं लिहून सही करायचे. त्यासाठी तिथे मी रेघ मारून एक रकाना करून ठेवायची. अख्ख्या आठवड्यात तो एक तास माझा होता. बाकीचे दिवस मी त्या तासाची वाट बघायची, दुसरं काही करत नव्हते, खरंच सांगते.

त्या मैदानाला एका बाजूला फक्कीची रेघ नव्हती. तिकडे मोटारी उभ्या राहायच्या आणि मोटारीला चेंडू लागला की चार, असा दोन्ही बाजूंनी मान्य केलेला रिवाज होता. त्या वर्षी आमची शेवटची जोडी खेळत होती आणि जिंकायला चार धावा हव्या होत्या. आमच्यातल्या एकाने चेंडू मारला तो सरळ आमच्या मोटारीकडे. आमच्या जोडीच्या दोन धावा काढून झाल्या होत्या. एक लालबुंद सोल्जर पळत आला, आडवा पडला आणि त्याने चेंडू धरला, मागच्या चाकापासून वीतभर अलीकडे. माझ्या डोळ्यांसमोर, या खिडकीपासून त्या टेबलापर्यंत असेल तेवढ्या अंतरावर. लागला नाही. तो वर बघतो तर पडद्याच्या फटीत मी. इंग्रजीत म्हणाला, मिस, तुम्ही पाहिलंत ना, सांगा ना त्यांना.

मला इंग्रजी येत होतं. वर्गात पहिला नंबर होता माझा. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही.

तोपर्यंत गाव ओरडायला लागलं होतं, लागला, लागला! नाना चालत आले, मोटारीच्या पुढे उभे राहिले. पडद्याकडे त्यांनी बघितलं नाही. कसे बघणार? चारचौघांत, मैदानात, वकिलाने आपल्या मुलीला साक्षीला काढायचं? त्यांनी सखारामला विचारलं, काय रे, लागला का? सखाराम म्हणाला, लागला की सायेब, चाकाला लागला, वाजला सुदिक. नाना वळले आणि त्यांनी हात हलवून चार दिल्या. आम्ही जिंकलो. लोकांनी फेटे उडवले, आणि तो सोल्जर माझ्याकडे एकदा बघून चेंडू पुसत निघून गेला.

मी वहीत दोन लिहिले. कसे लिहिले ते सांगता येणार नाही, हात माझाच होता.

संध्याकाळी कप टेबलावर, त्याच्या शेजारी दोन वह्या. नाना बोट फिरवत शेवटच्या चेंडूशी आले आणि थांबले. म्हणाले, इथे चुकलीस, अंपायरने चार दिले होते. मी म्हटलं, नाना, चेंडू लागला नव्हता, वीतभर राहिला होता, मी पाहिलं. ते म्हणाले, काय बघायचं हे मी शिकवलं होतं तुला. मग बोट तिथेच ठेवून म्हणाले, खोड आणि चार लिही. रबर त्यांनीच पुढे सरकवलं. मला माहीत होतं की चार लिहिले की सही होईल, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तो तास मिळेल, आणि नाही लिहिले तर नाही मिळणार. मी रबर उचललं, हातात धरलं आणि परत ठेवलं. नानांनी वही मिटली, आत्याला हाक मारली, पान वाढा म्हणाले.

पुढच्या रविवारी मी वेणी घालून, पेन्सिल टोकून जिन्यात उभी होते. मोटार माझ्याविना गेली. आत्या म्हणाली, बरं झालं बाई, सुटलीस एकदाची.

वर्षभराने माझं लग्न झालं, सोलापूरला दिलं. पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा स्टेशनवर सखाराम मोटार घेऊन आलेला. मी विचारलं, नाना अजून उभे राहतात का अंपायर म्हणून? म्हणाला, न्हाई ताईसाब, तवापासनं सोडलंच. मागं बसत्यात आता, तुमच्या जागेवर, पडदा लावून वही लिवत्यात. म्या म्हनलं, सायेब, जरा भाईर वाऱ्याला बसा, तर म्हनले तू तुजं बघ. मग माझं सामान मोटारीत ठेवता ठेवता म्हणाला, त्या दिशी मला काय बी दिसलं नव्हतं, मी पल्याड बिडी पेटवीत हुतो, पर समदं गाव बघत हुतं, सायेब इचारत हुते, मग मी न्हाई कसं म्हनू? मी म्हटलं, नानांना सांगितलंस का हे? म्हणाला, व्हय, दुसऱ्याच दिशी. मी विचारलं, काय म्हणाले ते? गाडी काढ म्हनले.

घरी आले, नानांना वाकून नमस्कार केला. त्यांनी विचारलं, प्रवास बरा झाला ना. मी म्हटलं, हो. एवढंच. दोघांनाही बोलता येत नव्हतं असं नाही, पण क्रिकेटवाचून आम्हाला सुरुवात करता येत नव्हती, आणि क्रिकेटवर तर येताच येत नव्हतं.

ते गेल्यावर ट्रंकेतून वह्या माझ्याकडे आल्या. नंतरच्या सगळ्या त्यांच्या अक्षरातल्या, पडद्याआड बसून लिहिलेल्या, आणि प्रत्येक पानाखाली तपासलेचा रकाना रेघ मारून कोराच ठेवलेला. त्यांची वही तपासायला होतं कोण? मी माझ्या वहीतलं ते पान काढलं. मला वाटलं होतं, एक तर खोडून चार केले असतील, नाहीतर खाली सही तरी असेल. दोन्ही नव्हतं. दोन तसेच होते आणि रकाना रिकामा होता.

तुमचे आजोबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. दुपारी मी टीव्हीसमोर वही घेऊन बसते, मॅच असली की आकडे तेवढे लिहिते, अंपायरचा हात बघते आणि चेंडूही बघते. रविवारी तुमचा फोन येतो, तो तासही मला पुरतो, पण तुम्ही बरं चाललंय म्हणता आणि मीही बरं चाललंय म्हणते, म्हणून म्हटलं एकदा सांगून टाकावं. वही कपाटात आहे, तिसऱ्या फळीवर. तुमच्यातला जो पहिला येईल त्याने ते पान बघावं, पण त्या रकान्यात काही लिहू नका, तो नानांचा आहे. सुखी राहा, मोटारी बेताने चालवा. वसुधाताई, एवढं शेवटचं लिहा, की त्या कपावर गावाचं नाव आहे, पण माझ्या वहीत तो सामना अजून संपलेला नाही, शेवटची जोडी उभी आहे आणि दोन धावा हव्या आहेत.