खारूताई, तिसरा मजला

नाव : वेगळ्या कागदावर बंद पाकिटात घेतले आहे. वय : चौतीस. व्यवसाय : इमारतींचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात नोकरी. राहणार : मुलीसह, भाड्याच्या खोलीत.

मी पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

मी नवऱ्यापासून वेगळी राहते. तो मारत असे. त्याने माझ्या आणि मुलीच्या जवळपास फिरकू नये, असा कोर्टाचा हुकूम आहे. त्याची प्रत दिली आहे. मी कुठे काम करते, हे त्याला ठाऊक नव्हते. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत मेकॅनिक आहे. आमच्या इमारतीच्या लिफ्टचे काम नुकतेच त्याच्या कंपनीकडे आले, हे मला कळायचा प्रश्नच नव्हता. ऑफिसात मी त्याच्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. कोणी विचारलेच तर विषय बदलत असे.

आमच्या ऑफिसात एक पद्धत आहे. ज्या प्रिंटरमध्ये जो कागद भरतो आणि अडकलेला कागद ओढून काढतो, त्याच्या टोपणनावाने तो प्रिंटर ओळखायचा. हिशेब बघणाऱ्या काकांचा ‘लाटसाहेब’. माझा ‘खारूताई’, कारण माझा खण खोडरबरे, पेन्सिली आणि खाऊने कायम भरलेला असतो. हे नाव माहेरचे आहे, मीच कौतुकाने सांगितले होते. नेटवर्क सांभाळणाऱ्या दादांनी तेच नाव मजल्यासकट प्रिंटरमध्ये भरून दिले. त्यावर आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो.

गेल्या आठवड्यात सकाळी माझ्या प्रिंटरमधून एक कागद आला. त्यावर एकच ओळ होती : ‘खारूताई, केस कापलेस?’ बाजूच्या टेबलावरच्या मुलींना वाटले, कोणीतरी टिंगल करते आहे. मलाही तसेच वाटून घ्यायचे होते. पण केस मी आदल्याच दिवशी कापले होते, आणि कापलेस का असे ज्या सुरात तो विचारायचा तो सूर मला कागदावरही ऐकू आला. मी कागद फाडून टाकला. तो पुरावा होता, हे आता कळते आहे. तेव्हा हात थांबले नाहीत.

नंतर दुसरा कागद आला : ‘मुलगी उंच झाली.’ तेव्हा मात्र मी मॅडमना, म्हणजे ऑफिसच्या मालकीणबाईंना, सगळे सांगितले. त्यांनी दादांना बोलावले.

दादांनी सांगितले ते मला समजले तसे सांगते. प्रिंटर नेटवर्कवर वेगवेगळ्या प्रोटोकॉलने बोलतो, म्हणजे बोलण्याच्या ठरलेल्या रीतींनी. एका रीतीने तो सारखा आपले नाव पुकारत असतो, म्हणजे जवळच्या फोनना आणि कॉम्प्युटरना तो सापडावा. दुसरी रीत नवी आहे. ती पासवर्ड मागते. तिसरी जुनी आहे, एक्क्याण्णवशे नंबरच्या पोर्टवरची, म्हणजे प्रिंटरच्या एका आतल्या दारावरची. ती काहीच विचारत नाही, येईल ते छापते. मॅडमचे जुने नकाशांचे सॉफ्टवेअर तिच्याशिवाय चालत नाही, म्हणून ती उघडी ठेवली होती. आणि पाहुण्यांचे वायफाय ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळे ठेवायचे राहून गेले होते. लिफ्टवाल्यांना तेच वायफाय दिले होते.

म्हणजे त्याने मला शोधलेसुद्धा नव्हते. फोन उघडला आणि माझे माहेरचे नाव मजल्यासकट त्याच्यासमोर आले.

दादा लगेच ती जुनी रीत बंद करायला बसले. मी त्यांचा हात धरला आणि म्हटले, “दादा, बंद करू नका. कागद येतोय तोवर तो कागदावरच समाधान मानतोय. कागद थांबला तर तो स्वतः येईल.” आधी पोलिसांत जाऊ, मग काय करायचे ते बघू, असे मॅडमशी ठरले. दादा मान हलवून गेले.

आज दुपारी मी इथे यायला निघणार, तेवढ्यात दादा आले आणि म्हणाले, “ताई, मला राहवलं नाही. सकाळीच बंद करून टाकलं. आता निर्धास्त राहा.” त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण माझी नजर त्यांच्या मागे लिफ्टच्या दाराकडे होती.

तो कंपनीच्या गणवेशात होता. कोणी त्याला अडवले नाही. लिफ्टवाल्याला कोण अडवणार? तो सरळ माझ्या टेबलाशी आला, घडी केलेला कागद ठेवला आणि शांतपणे म्हणाला, “तुझा प्रिंटर घेत नव्हता. म्हटलं, हातानेच द्यावा.”

मी उभी राहिले. सगळ्यांना ऐकू जाईल असे मी म्हटले, “हा माझा नवरा आहे. याला इथे यायला कोर्टाची बंदी आहे.” ऑफिसात हे मी पहिल्यांदाच बोलले. काका खुर्ची सरकवून आमच्या मध्ये येऊन उभे राहिले. तो हसला. “शाळा सुटली असेल,” एवढेच म्हणून जिन्याने खाली गेला.

मॅडमनी मला गाडीत घातले. वाटेत मी शाळेला फोन लावत होते, तो लागत नव्हता. आम्ही पोचलो तेव्हा मुलगी मुख्याध्यापिकांच्या खोलीत होती. तो आमच्या आधी येऊन गेला होता; वडील आहे, असे सांगून तिला मागत होता. कोर्टाच्या हुकमाची प्रत मी शाळेत देऊन ठेवली होती, म्हणून बाईंनी तिला सोडले नाही. तो कुठे गेला, ते कोणालाही माहीत नाही. त्याने दिलेला कागद मी न उघडता आपल्याकडे दिला आहे. त्यात काय आहे, ते मला आज सांगू नये.

त्याला ताबडतोब शोधावे, एवढेच माझे म्हणणे आहे. आज रात्री आम्ही खोलीवर जाणार नाही.

मुलगी माझ्या मांडीवर झोपली आहे असे समजून हा जबाब मला हळू आवाजात वाचून दाखवला. वाचून संपल्यावर तिने डोळे न उघडता विचारले, “आई, सगळं लिहिलं ना त्यांनी?” सगळे लिहिले आहे, ते माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून खाली सही करते.