कापसात निजवलेल्या बाटल्या

बाजार उरकून सोजरबाई बोथ गावच्या बस स्टँडवर रिकामी टोपली घेऊन एकटीच बसली होती. मागच्या बाकावर म्हातारे डोमाजी लक्ष्मणरावांशी बोलत होते. लक्ष्मणराव हैदराबादच्या मोठ्या हॉटेलात वाढपी. सोजरबाईचे कान तिकडंच लागले.

“पोरगा जहाजावर सैपाकी हाय. फ्रान्सच्या लाल वाईनच्या दोन बाटल्या देऊन गेला, बोर्दो अन् बर्गंडी. मी तं कदी पेलो नाही. पयली कोणती फोडू?”

“बर्गंडी, काका. हलकी असते. बोर्दो नवख्याले जांभळावानी तुरट लागते. उभ्या ठेवल्या का?”

“नाही जी. कापसाच्या गंजीत निजवल्या, लेकरावानी.”

“बेस केलं. बूच ओलं राह्यते. पण फोडली का दोन दिसांत संपवा लागते. चारजण बसवा.”

“चारजण कुठचे? बुढी गेली. शेजारी सारे माळकरी. तुमीच चाला ना आज घरी.”

“माही गाडी लागली, काका.”

“असू द्या, असू द्या.”

पिशवी उचलता उचलता लक्ष्मणरावांनी विचारलं, “पोरगा फोन करते तवा विचारत असंल?”

“दर खेपेला. बाबा, पेले का, म्हणते.”

“मंग काय सांगता?”

“सांगतो, सारं गाव बसलं होतं. बाटली पुरली नाही.”