भुऱ्याचा पहिला घास

नाई भाऊ, हे नका दाखवू, याच्यावर दुधाचं चित्र हाये — दूध तं बिलकुलच नाई. ताक पाजून पाह्यलं न मी आमच्या कुत्र्याले. आपल्या घरात कोनाचं पोट बिघडलं का जिरं टाकून ताकच देतो न आपन, म्हनून त्याले वाटीभर देलं, अन् मंग जे ओकनं सुरू झालं — जनावराचे डॉक्टर माह्यावरच चिडले. अन् हे कशाचं? चिकनच्या काड्या? चरबी नको म्हनले ते, तेल नको, तूप नको, गूळ तं पाहूच नका म्हनले. मंग राह्यलं काय? नुसता भात अन् पानी. तो खाते काय ते? वास घेते अन् तोंड फिरवते. असं काई द्या का त्याले आवडलंबी पाह्यजे अन् पोटातबी राह्यलं पाह्यजे.

जात कोनती? गावठीच हाये, आमच्या उंद्री गावचा. हसा, हसा — सारं गाव हसते. शेजारची रुक्मिणीबाई म्हने, गोजरबाई, द्या त्याले मळ्यात सोडून, कुत्र्यासाठी चिखलीच्या चकरा काऊन मारता? आता तिले काय सांगू. तुमाले तरी काय सांगू, तुमी पाकिटं दाखवा — नाई, हे नको, याले तुपासारखा वास येते.

कोनाचा म्हनजे? माह्या नातीचा. ते काय, बाहेर ऑटोत बसली, त्याचं डोकं मांडीवर घेऊन — प्राची. दिसला तिचा चेहरा? केवढासा झाला पाहा. भुऱ्यानं खाल्लं तं ती खाते भाऊ. त्यानं तोंड फिरवलं का हीबी ताट सरकवते. कालपासून दोघायच्याबी पोटात काई नाई. हट्ट नाई हो हा. हट्ट असता तं दोन ठेवून देल्या असत्या मी.

हे माह्याच तोंडानं झालं — जाऊ द्या. तिची आई, म्हनजे माही सून पुष्पांजली, मागच्या साली गेली. कावीळ झाली होती. शेवटी शेवटी तं घोटभर पानीबी ठरत नव्हतं पोटात, अन् ही पोरगी बाजूले बसून पाठीवरून हात फिरवत राहे. आमी उठवो तिले, पुन्हा येऊन बसे. तवापासून पोरगी पोटभर जेवतच नव्हती. यंदा पितरात नवमीले सुनेचं पान वाढलं — कढी, वडे, पुरनपोळी, सगळं तिच्या आवडीचं. पान स्लॅबवर ठेवलं अन् कावळ्याची वाट पाहत बसलो. कावळा येते काय? ऊन कललं तरी नाई. घरात कोनी जेवेना. पोरगी जिन्यात बसून आभाळाकडं पाहे, अन् मंग मले म्हने, आजी, आई आपल्यावर रागावली का? तेवढ्यात हा भुऱ्या गेला जिन्यानं वर, अन् पान चाटूनपुसून साफ. माहा पोरगा, शेखर, काठी घेऊन धावला. मी त्याचा हात धरला, अन् पोरीले म्हनून गेली — पाह्य, तुही आई जेवली, आता तू जेव.

कुत्र्याचाबी घास काढतोच न आपन पितराले? मंग खोटं काय बोलली मी? अन् पोरगी जेवली हो. मागून घेऊन जेवली. शेखर चुलीपाशी तोंड फिरवून रडला.

मंग रोजचंच झालं ते. पहिला घास भुऱ्याले, मंग तिले. तोबी कोनता घास? आईले शिरा आवडे तं शिरा, आईले गूळपोळी आवडे तं गूळपोळी. मले दिसे सगळं. मी गप राहो, पोरगी जेवते न म्हनून. अन् आता स्वादुपिंड सुजलं म्हनते डॉक्टर. पुन्हा असं काई पोटात गेलं तं वाचनार नाई म्हने.

भेव कायचं वाटते सांगू? काल तो ओकून राह्यला होता अन् ही त्याच्या पाठीवरून हात फिरवे. तसाच, आईच्या फिरवे तसा. अन् मले इचारलं — आजी, आई आता पुन्हा जाईन का? काय सांगू मी? तो नुसता कुत्राच हाये म्हनून सांगू? मंग त्या दिवशी पान कोन जेवलं, इचारन न ती. रात्री झोप नाई मले, त्याचं पोट हालते का नाई तेच पाहत राह्यते.

हे कायचं? रताळ्याच्या काड्या? नुसतं वाळवलेलं रताळं — तेल नाई, मीठ नाई? नीट वाचा बरं, पुन्हा वाचा. सुरुवातीले थोडंच द्या म्हनता? हाव, नखाएवढं देऊ. फोडा पाकीट. प्राची, इकडं ये माय, हे घे. जा, ऑटोत बसून तुह्याच हातानं दे त्याले, पन तोडून दे, बारीक.

वास घेऊन राह्यला... तोंड नाई फिरवलं. घेतलं भाऊ. चावून राह्यला, पाहा न तुमी, गिळलं त्यानं. अन् ही काय करून राह्यली? अहो, उरलेली काडी तिनं तोंडात टाकली — कुत्र्याचं खाऊन राह्यली हो माही पोरगी. मानसाले काई होते का यानं? रताळंच हाये न नुसतं? नाई, नाई, थांबा, तुमी नका जाऊ तिकडं. आवाज नका देऊ तिले. खाऊ द्या.